काटे आणि दार

जिऑलॉजी म्हणजे सिव्हिलवाल्यांचा नुसत्या पाठांतराचा विषय, असं आपण हॉस्टेलवर सर्रास म्हणतो. पण डायनोफ्लॅजेलेट वाचले आणि मी अडकलेच!

पाण्यातल्या या एकपेशीय जीवांच्या काही जाती स्वतःभोवती टणक कवच करून आत विश्रांती घेतात. त्यालाच सिस्ट म्हणतात. मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, पण खडक हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये विरघळला तरी हे शिल्लक! १८३०च्या दशकात एरेनबर्गने चकमकीच्या दगडात अशी काटेरी कवचं पाहिली आणि ती 'झँथिडियम' या शेवाळात टाकली. पुढे नाव पडलं हिस्ट्रिकोस्फिअर, म्हणजे साळिंदर-गोळा. नुसते काटे बघून! १९६१ मध्ये विल्यम एव्हिटने कवचावरचं भोक नीट पाहिलं. ते ठरावीक आकाराचं, ठरावीक जागी. म्हणजे पेशीचं बाहेर पडायचं दार. ओळख पटली. ज्यांची पटेना, त्यांच्यासाठी १९६३ मध्ये त्याने वेगळा गट केला: 'ॲक्रिटार्क', म्हणजे मूळ अनिश्चित.

हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आपल्याकडे 'कॉन्व्हेंटवाली', 'डोनेशनवाला', 'गाववाला' ही लेबलं पहिल्याच दिवशी चिकटतात. मलाही चिकटलं. मित्रांनो, दार सापडेपर्यंत एखाद्याला ॲक्रिटार्क राहू द्यायला काय हरकत आहे?