पाठवणीचे गाणे आणि डीव्हीडी

खेड्यापाड्यांतल्या बहुतेक घरांत लोखंडी कपाटात, शालू-शेल्यांच्या घडीखाली, लग्नाची एखादी व्हिडिओ कॅसेट नाहीतर डीव्हीडी जपून ठेवलेली असते. वर्षानुवर्षे ती कोणी लावून पाहत नाही. पण ती घरात आहे, एवढ्यानेच मनाला बरे वाटते. कणगीतले बियाणे मात्र आपण असे विश्वासावर ठेवत नाही. पेरणीआधी उगवण तपासतो. घरच्या आठवणींचेही तसेच करायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे.

काटोलकडच्या आमच्या घरी 1991 सालच्या, धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट आहे. तीन तासांची. तिच्या अगदी शेवटी पाठवणीच्या वेळी आमची आई गाते आहे. चार मिनिटे असतील-नसतील. आई 2003 साली गेली. तिचे दोन फोटो भिंतीवर आहेत, पण तिचा आवाज या कॅसेटीखेरीज जगात दुसरीकडे कोठेही नाही.

2006 साली एका दुकानातून या कॅसेटची डीव्हीडी करून आणली. पाच-सहा वर्षांतच ती शेवटी शेवटी अडू लागली. चित्राचे चौकोन होत आणि नेमके आईच्या गाण्यात आवाज तुटे. बहीण माहेरपणाला आली होती. ती म्हणाली, "दादा, आई गेली. आता तिचा आवाजही जाईल का रे?" कॅसेट शाबूत होती, म्हणून धीर होता. 2012 च्या उन्हाळ्यात मी नागपूरला सीताबर्डीतली दुकाने पालथी घातली, जाणकारांना विचारले आणि हे काम घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः केले. त्यात जे समजले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

बाजारात मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीवर कारखान्यात साचाने खळगे उमटवलेले असतात. आपण घरी करतो त्या कोऱ्या तबकडीत मात्र रंगाचा एक पातळ थर असतो. ड्राइव्हमधला लेसर किरण तो थर ठिकठिकाणी तापवून खुणा करतो. म्हणूनच या कामाला 'बर्न करणे' म्हणतात. ऊन आणि उष्णता या रंगाचे वैरी. आमच्याकडचा नवतपा आठवा, म्हणजे टिनाच्या छपराखाली तबकडी का ठेवू नये ते वेगळे सांगायला नको.

लिहिण्याचे काम मधल्या छिद्राकडून सुरू होऊन बाहेरच्या काठाकडे जाते. तबकडी काठापर्यंत भरलेली असेल, तर कार्यक्रमाचा शेवट काठाशी येतो. वेगाने लिहिताना चुका जास्त होतात त्या बहुधा काठाशीच, आणि बोटांचे डाग व ओरखडेही तेथेच लागतात. आईचेच गाणे का तुटत होते, याचा उलगडा मला येथे झाला.

आता वेगाचे पाहा. सोळा एक्सच्या तबकडीवर सोळा एक्स वेगाने लिहिले तर पाच-सहा मिनिटांत काम होते. आठ एक्सने आठ-नऊ मिनिटे लागतात. बर्डीतला एक मुलगा मला म्हणाला, "काकाजी, फुल स्पीडवर मारून देतो, चहा होईतो हातात." मी म्हटले, "बाबा, दोन चहा घेऊ, पण हळू मार." तिफणीचे बैल पळू लागले की चाड्यावरची मूठ कितीही जाणती असो, तासात नांगे पडणारच. मात्र फार हळूही कामाचे नाही. सोळा एक्सची तबकडी एक-दोन एक्सने लिहिण्यासाठी बनवलेलीच नसते. तिच्यासाठी आठ एक्सच्या आसपासचा वेग बहुतेक वेळा चांगला पडतो.

दुसरी गोष्ट किती भरायचे ही. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावते. तीन तासांचे लग्न एकाच तबकडीत कोंबले, तर दर सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. माणसे हलली की चित्र फुटते. तेच लग्न दोन तबकड्यांवर दीड-दीड तास घेतले, तर जवळजवळ सात मेगाबिट मिळतात. आठ माणसांचा स्वयंपाक सोळांना पुरवायचा, तर वरणात पाणीच घालावे लागते. मी दोन तबकड्या केल्या, आणि पाठवणी दुसऱ्या तबकडीच्या सुरुवातीलाच घेतली. आपल्याकडच्या कॅसेटी 'पाल' पद्धतीच्या असतात, म्हणून कॉम्प्युटरवर तीच पद्धत निवडावी.

कोरी तबकडी घेताना नावाजलेल्या कंपनीची घ्यावी. सुटी, बिननावाची स्वस्त तबकडी जपणुकीच्या कामाला घेऊ नये. एकदाच लिहिता येते ती 'आर' प्रकारची घ्यावी; पुसून पुन्हा लिहिता येते ती 'आरडब्ल्यू' अशा कामाला नको. 'वजा आर' आणि 'अधिक आर' असे दोन प्रकार दुकानात दिसतात. दोन्ही चांगले, मात्र फार जुन्या प्लेअरला 'वजा आर' बहुधा अधिक मानवते.

ड्राइव्हचेही तसेच. मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बसणारा पूर्ण आकाराचा ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा या कामाला दणकट. तबकडी आत गेली की तिच्यावरचा सांकेतिक क्रमांक वाचून, लेसरची शक्ती किती ठेवायची, हे ड्राइव्ह ठरवतो. ही माहिती त्याच्या फर्मवेअरमध्ये असते. म्हणून एकच तबकडी एका ड्राइव्हमध्ये उत्तम उतरते आणि दुसऱ्यात खराब. आधी एकच करून पाहावी, जमली तर त्याच जातीच्या बाकीच्या घ्याव्यात. पातळ ड्राइव्ह यूएसबीच्या वायरीवरच चालतो. वीज कमी पडली तर लिहिताना अडखळतो.

काम सुरू करण्यापूर्वी सगळा कार्यक्रम हार्ड डिस्कवर घ्यावा आणि मग तेथून तबकडीवर उतरवावा. त्या काळी आमच्या भागात भारनियमन होते. लिहिता लिहिता वीज गेली की तबकडी वाया. म्हणून इन्व्हर्टर भरलेला पाहूनच मी बसत असे. लिहून झाल्यावर तबकडी 'फायनलाइज' करावी, नाहीतर घरच्या प्लेअरवर ती चालेलच असे नाही. 'व्हेरिफाय' ही खूण अवश्य करावी. त्यात लिहिलेले पुन्हा वाचून मुळाशी ताडले जाते. वेळ लागतो, पण लागू द्यावा. शेवटी दुसऱ्याच एखाद्या प्लेअरवर लावून शेवटची दहा मिनिटे पाहावीत.

तबकडीवर कागदी लेबल चिकटवू नये. तोल जातो, आणि डिंकही थराला बाधतो. मधल्या भागात पाण्याच्या शाईच्या मार्करने दोन शब्द लिहावेत. डबीत, अंधाऱ्या व कोरड्या जागी उभी ठेवावी.

आवाज जपण्याचे मोल पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी फार आधी ओळखले होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रितही केल्या. आज त्या 'परी' या संस्थेकडे आहेत. ज्या बायांची नावे कोठल्याच कागदावर नव्हती, त्यांचे शब्द त्यामुळे राहिले. आपल्या घरातल्या एका बाईचे गाणे राखणे तर आपल्याच हाती आहे.

आता काळ बदलला. कोऱ्या तबकड्या बनवणारी आपल्या देशातली मोठी कंपनी मोझर बेअर 2018 साली दिवाळखोरीत निघाली. 2025 मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणे बंद केले. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतोच. वेगळा घ्यावा लागतो. म्हणून एकट्या डीव्हीडीवर विसंबू नये. हार्ड डिस्कवरची मूळ फाइल ठेवावी, तिची पेनड्राइव्हवरही प्रत घ्यावी आणि दर दोन-तीन वर्षांनी सगळे लावून पाहावे. ज्यांच्याकडे चालू प्लेअर व कॅसेट दोन्ही आहेत, त्यांनी तर या पावसाळ्याची वाट पाहू नये. ओलीने कॅसेटच्या फितीला बुरशी धरते.

आम्ही चार भावंडे. मी चार जोड केले आणि चार घरांत दिले. एका घरी आग लागली, पाणी शिरले, उंदीर लागले, तरी तीन घरांत आई गाते आहे. बहिणीची नात आता ते गाणे म्हणते. तिने पणजीला पाहिलेले नाही, पण दुसऱ्या कडव्यात आई जेथे श्वास घेते, तेथेच तीही थांबते.