करैवेट्टीचे जागले

तंजावूरला गेलेला मराठी माणूस प्रथम बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहतो आणि मग सरस्वती महाल ग्रंथालयाची वाट धरतो. आम्हीही तेच केले. परंतु पौषातल्या एका पहाटे, दहा वर्षांच्या चिरंजीवांच्या हट्टाखातर, उत्तरेची वाट धरली. तिरुवैयारू मागे टाकून कोळ्ळिडम नदीचा पूल ओलांडला की अरियलूर जिल्हा लागतो. करैवेट्टीचा विस्तीर्ण तलाव तेथेच आहे. कालव्याने आलेल्या कावेरीच्या पाण्यावर तो भरतो. १९९९ पासून तेथे पक्षी-अभयारण्य असून, २०२४ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला.

आम्हाला पाहायचे होते ते पट्टकदंब हंस. मंगोलिया, तिबेट, लडाख हे त्यांचे माहेर. हिमालय ओलांडताना त्यांनी सात हजार मीटरांहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. प्रौढ पक्ष्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागल्या बाजूस दोन काळे पट्टे असतात. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाला ते नसतात. त्यामुळे थव्यातली कुटुंबे ओळखणे सोपे जाते.

काठच्या गवतात असेच एक कुटुंब चरत होते : दोन पट्टेवाले, तीन बिनपट्ट्यांचे. पिल्लांच्या माना सतत खाली. आईबापांपैकी एकाची मान मात्र सदैव उभी. एक चरे तेव्हा दुसरा पाहारा देई. इतक्यात बांधावरून एक कुत्रा उतरला. पाहाऱ्यावरच्या हंसाने खर्जातला एकच स्वर काढला. पिल्ले तत्काळ पाण्याकडे वळली, आई त्यांच्यापुढे झाली आणि तो स्वतः मान जमिनीसरशी ताणून मध्ये उभा राहिला. त्यांतला नर कोणता, मादी कोणती, हे रूपावरून सांगता येत नाही. मी आपले मनाशी ठरवून टाकले इतकेच. कुत्रा माघारी फिरला.

ही दक्षता अंड्यांपासूनची. मादी अंडी उबवते, नर राखण करतो. पिल्ले वाढत असता आईबापांची उडण्याची पिसे झडतात, त्यामुळे तेही काही काळ जमिनीला खिळतात. पुढे सारे कुटुंब एकत्रच दक्षिणेस येते. वाट पिल्लाला थोरांच्या सोबतीनेच कळते. म्हणूनच शिकाऱ्याची एक गोळी पक्ष्याबरोबर वाटाड्याचाही जीव घेते.

"बाबा, टाळी वाजवू? सगळे एकदम उडतील!" चिरंजीवांनी हात उचललेही होते. मी ते धरले. परतीच्या प्रवासासाठी अंगी साठवलेले बळ आपल्या क्षणभराच्या कौतुकापायी खर्च होते, हे त्याला समजावले. तो हिरमुसला, पण थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "आता आईची पाळी लागली."

खरेच, पाहारा बदलला होता. बाप चरू लागला होता आणि दुसरी मान वर झाली होती.