डब्यात भरलेली पानं

परवा हापिसात टीममधल्या एका नव्या मुलाने विचारलं, "अ‍ॅपमध्ये फोनवरच ठेवलेलं वेबपेज उघडायचं असेल तर किती काम आहे?" मी तोंड उघडून म्हणणारच होते, "एक ओळ!" पण थांबले. कारण दोन वर्षांपूर्वी हेच उत्तर मी माझ्या मावशीला दिलं होतं.

तर मंडळी, झालं असं. माझी एक मावशी (आईची चुलतबहीण, पण सख्खीपेक्षा सख्खी) आशा कार्यकर्ती आहे. राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याच्या धरणाकडे ज्या वाड्या आहेत ना, तिकडे. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "तू एवढी कॉम्प्युटरवाली. आमची ती पत्रकं फोनात टाकून दे ना. पावसात भिजून पार लगदा होतो त्यांचा. आणि हो, वाडीवर रेंज नसते बरं का!"

"नसू दे गं मावशी. ऑफलाइन करते. दोन विकांतांचं काम."

कल्पना अगदी साधी होती. प्रत्येक पत्रकाचं एक एचटीएमएल पान करायचं. पानं, चित्रं, सगळं अ‍ॅपच्या अ‍ॅसेट्स फोल्डरमध्ये भरायचं. अ‍ॅपमध्ये वेबव्ह्यू, म्हणजे एक बिनबटणांचा ब्राउझर ठेवायचा आणि त्याला पत्ता द्यायचा. हा पत्ता 'फाइल'ने सुरू होतो आणि पुढे दोन नाही, तीन तिरक्या रेघा असतात. एरवी दोन रेघांनंतर सर्व्हरचं नाव येतं. इथे सर्व्हरच नाही, म्हणून नावाची जागा रिकामी आणि लगेच तिसरी रेघ. थोडक्यात, खाणावळीत जाण्याऐवजी घरून डबा नेण्यासारखं.

पहिलं पान फोनवर उघडलं तेव्हा स्वतःवरच खूश झाले. मग पानांची यादी एका जेसन फाइलमध्ये ठेवली आणि जावास्क्रिप्टने ती वाचायला गेले, तर नकार! लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालत होतं, कारण तिथे मी छोटा लोकल सर्व्हर लावला होता. फोनवर मात्र 'फाइल'वालं पान शेजारच्याच फाइलला फेच करू शकत नाही. आधी वाटलं, काय हा वेडेपणा! पण त्यामागे कारण आहे. उद्या तुम्ही कुठूनतरी एक लबाड पान डाउनलोड करून उघडलंत आणि त्याला शेजारपाजारच्या फाइली वाचायची मुभा असली, तर ते तुमच्या फोनमधलं काय काय उचलून नेईल? म्हणून ब्राउझर अशा पानाला कुणाचाच सगासोयरा मानत नाही.

रविवारची रात्र, सोमवारी रिलीज. मी शॉर्टकट मारला. यादी उचलून माझ्या सर्व्हरवर ठेवली आणि 'कोणीही मागा, देऊ' अशी परवानगी लावली. लगेच आली! गंमत बघा, शेजारच्या खोलीतली साखर मिळेना, पण सातासमुद्रापलीकडची हजर. जेक्वेरीही सवयीने सीडीएनवरूनच घेतली होती. वर विमान मोड लावून तपासलं. चाललं. मावशीला एपीके पाठवून दिली.

डिसेंबरात तिच्याकडे गेले. तिने राजूरला असताना फाइल उतरवून ठेवली होती, पण उघडली पहिल्यांदा वाडीवर, चार बायकांसमोर, मोठ्या कौतुकाने. "बघा, माझ्या भाचीने केलंय."

पांढरी पाटी.

"अगं, पांढरं पांढरंच दिसतंय," मावशी म्हणाली. एक आजी म्हणाल्या, "थंडीनं गारठलं आसंल." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

माझ्या फोनवर विमान मोडमध्ये कसं चाललं मग? तर कॅश! (पैशांची नव्हे.) मी आधी पन्नास वेळा नेट चालू असताना उघडलं होतं. यादी आणि जेक्वेरी दोन्ही वेबव्ह्यूने जपून ठेवल्या होत्या आणि विमान मोडमध्ये गुपचूप त्याच वाढल्या. मावशीच्या फोनवर जपलेलं काहीच नव्हतं. म्हणजे मी डबा म्हणून दिला, त्यात पोळ्या होत्या, पण भाजी खाणावळीतूनच यायची होती.

पुण्याला येऊन नीट केलं. जुन्या उत्तरांमध्ये एक जालीम उपाय सापडतो, 'फाइल'च्या पानाला सगळीकडे शिरायची परवानगी देणारं सेटिंग. ते करू नका. अँड्रॉइडने ते केव्हाच मोडीत काढलंय. त्याऐवजी वेबव्ह्यू-अ‍ॅसेट-लोडर वापरा. तो पानांना एक खराखुरा दिसणारा एचटीटीपीएस पत्ता देतो, पण मागणी नेटवर जाऊच देत नाही, वाटेत अडवून अ‍ॅसेट्समधूनच पुरवतो. पानाला वाटतं आपण सभ्य घरातले, त्यामुळे फेचही चालतं. जेक्वेरी काढूनच टाकली. आणि तपासताना अ‍ॅप पूर्ण उडवायचं, विमान मोड लावायचा, मग ताजं टाकून उघडायचं. ह्या क्रमानेच.

नवी एपीके गेली. चालली! मावशीने ती आणखी सहा आशाताईंना दिली. मी महिनाभर हवेत.

मग एक दिवस तिचा फोन. राजूरला आली की करते तसा, पण आवाज वेगळा. "जुलाबाच्या पानावर काय लिहिलंयस गं? एक पाकीट, एक ग्लास पाणी?"

मी पान उघडलं. खरंच होतं. पत्रकं टाइप करताना रात्री कधीतरी 'एक लिटर'चं 'एक ग्लास' झालं होतं. त्यांच्याकडचं ओआरएसचं पाकीट १ लिटरचं. ते ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ कितीतरी पट दाट होतं आणि आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं. औषधाचा अपाय.

"तुम्हाला तर पाठ असेल ना?" मी चाचरत विचारलं.

"आम्हाला आहे. पण एक नवीन पोरगी लागलीय, ती वाचून करते."

पान सर्व्हरवर असतं तर फोन कानाला लावूनच दुरुस्त केलं असतं. पण मी तर अभिमानाने सात फोनांच्या पोटात बंद केलं होतं! माझा हात तिथे पोचत नव्हता. ज्या गोष्टीसाठी एवढा आटापिटा केला, नेमकी तीच आडवी आली.

मावशी त्याच दिवशी त्या नव्या मुलीच्या घरी गेली, चालत. सुदैवाने तिने अजून कुणाला पाकीट दिलं नव्हतं. बाकी पाच जणींची अ‍ॅपं पुढच्या मीटिंगला मावशीने स्वतःच्या हाताने बदलली. मी फक्त नवीन एपीके पाठवली.

आता प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख असते. रेंज आली की अ‍ॅप नवीन पानं आहेत का बघतं आणि असली तर आणून ठेवतं, नसली तर आहे त्यावर चालतं. आकडा असलेलं प्रत्येक पान आधी मावशी मोठ्याने वाचते, मगच ते डब्यात जातं. तारखेची कल्पनाही तिचीच. "लोणच्याच्या बरणीवर लिहितो की आपण," म्हणाली.

असो. तो नवा मुलगा अजून उत्तराची वाट बघत उभा होता. त्याला म्हटलं, "उघडायला एक ओळ लागते. पण आत काय लिहिणारेस ते आधी सांग. आणि ते चुकलं तर कोण चालत जाणार आहे?"

तो बघतच राहिला. मग आम्ही चहाला गेलो.