गिरणगावाचा भोंगा

एखाद्या ठिकाणी कानावर पडणाऱ्या सर्व आवाजांच्या एकत्रित रचनेला ध्वनिपरिसर म्हणतात. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना सविस्तर मांडली आणि ज्या आवाजाशी एखाद्या समाजाची ओळख जडलेली असते, त्याला ध्वनिखूण मानले. मुंबईच्या गिरणगावाची, म्हणजे कापडगिरण्यांच्या भागाची, अशी खूण म्हणजे गिरणीचा भोंगा. लालबाग-परळच्या चाळींत ज्या खोल्यांत घड्याळ नव्हते तेथेही पाळीची वेळ त्यावरून कळे, खाणावळीतल्या बाईचा तवा त्याच्या आधी तापे, आणि कोकणातून वा घाटावरून आलेला माणूस त्याच्याच धाकाने शहरी होत जाई. अर्थात गिरणीच्या आवाजांविषयी नुसते हळवे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, शेजारच्याशी हातवारे करूनच बोलावे लागे आणि तिथल्या खडखडाटाने कित्येकांचे कान कायमचे अधू केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या. पुढे १९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील वास्तूंना श्रेणी दिल्या, एखादे धुराडे मॉलच्या आवारात शोभेपुरते उरले. भोंगा मात्र कोणत्याच श्रेणीत बसणारा नव्हता, कारण त्या श्रेणी दगड-विटांसाठी होत्या.