ताई काय मानणार आहे?

ताई मुसलमान व्हायचं म्हणते आहे. ताई म्हणजे माझी मावसबहीण. दिवाळीनंतर तिने घरात हे सांगितलं तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न होता, "मुलगा कोण?" मुलगा कुणी नाही. असता तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहेच, त्यात धर्म न बदलता लग्न होतं. मग बाकीचे प्रश्न आले. नाव बदलणार? बुरखा घेणार? जेवणाचं काय? सगळे कपड्यांचे आणि ताटातले. तू मानणार काय, हे कुणी विचारलंच नाही.

विचारलं ते आजोबांनी. आजोबा नव्वदीला टेकलेत. निजामाच्या काळात शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळे आमच्या हैदराबादी मराठीत दुआ, रोजा, किस्मत हे शब्द पाहुण्यासारखे येत नाहीत, घरच्यासारखे वावरतात. (इथल्या दखनीतला 'नक्को' तरी कुठे परका आहे?) पण शब्द ओळखीचे असले म्हणून त्यामागची श्रद्धा ओळखीची असते असं नाही. आजोबा म्हणाले, "करायचं काय ते नंतर बघू. मानायचं काय ते आधी सांग."

ताईने बोटांवर मोजून सहा गोष्टी सांगितल्या. एक अल्लाह. त्याचे फरिश्ते. त्याने पाठवलेले ग्रंथ, म्हणजे तौरात, जबूर, इंजील आणि शेवटी कुरआन. त्याचे नबी, आदमपासून मुहम्मदांपर्यंत, आणि मुहम्मदांनंतर कुणी नाही. न्यायाचा दिवस. आणि तकदीर. नमाज, रोजा, जकात, हज ही करायची कामं या मानण्यातून निघतात, असं ती म्हणाली. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या, ठरावीक मर्यादेपुढच्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. हे ऐकून मामा प्रथमच नीट लक्ष द्यायला लागला.

मी म्हटलं, "देव एकच आहे हे तर आपणही म्हणतो." ताईने मान हलवली. आपण म्हणतो ते वेगळं. आपला एक देव अनेक रूपं घेतो, तौहीदमधला एक तसा नाही. त्याचं चित्र नाही, अवतार नाही, मूल नाही, भागीदार नाही. त्याच्या बरोबरीला दुसरं कुणी ठेवणं हा शिर्क, सर्वांत मोठा अपराध. म्हणजे घरातला देव्हारा आणि हा विश्वास एका मनात राहू शकत नाहीत. 'सगळे धर्म सारखेच' हे वाक्य आपण सोयीने वापरतो. ताईने ते वापरलं नाही, हे मला आवडलं.

आमच्या कॉलेजच्या फाटकाशी मेरीमातेचा पुतळा आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते. कुरआनात नावाने येणारी स्त्री एकच, ती मरियम, आणि तिच्या नावाची एक अख्खी सूरा आहे, हे वर्गातल्या ख्रिस्ती मैत्रिणींनाही ठाऊक नव्हतं. ईसा कुमारिकेच्या पोटी जन्मले, ते मसीहा, त्यांनी चमत्कार केले, हे मुसलमान मानतात. ते देवाचे पुत्र होते हे मानत नाहीत, क्रुसावर मेले हेही नाही. जन्मतःच पाप घेऊन कुणी येत नाही असं मानल्यावर ते पाप धुणारा तारणाराही लागत नाही. इथे दोन्ही वाटा खरोखरच फुटतात.

धर्मात येण्याचा विधी मात्र इतका लहान आहे की मामाला तो खोटाच वाटला. अल्लाहशिवाय कुणी पूज्य नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, अशी साक्ष समजून-उमजून, मनापासून द्यायची. कलमा पढला की झालं. नावाचा अर्थ श्रद्धेविरुद्ध जात नसेल तर नावही बदलावं लागत नाही. "आणि बाहेर पडायचं झालं तर?" आजोबांनी विचारलं. जुन्या धर्मशास्त्रात त्याला कडक शिक्षा सांगितली आहे, हे ताईने लपवलं नाही. भारतात घटनेचं कलम 25 आहे, हेही ती म्हणाली.

मग न्यायाच्या दिवसाची गोष्ट निघाली. पुनर्जन्म नाही, एकच आयुष्य, त्याचा एकदाच हिशेब. आजोबांनी हळूच विचारलं, "तुझे बाबा मग कुठे असतील?"

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. ताई बराच वेळ गप्प होती. ती ज्यांच्याकडे शिकायला जाते त्या बाईंना तिने हेच विचारलं होतं. निवाडा अल्लाहचा, माणसाने कुणाबद्दल निकाल देऊ नये, असं त्या म्हणाल्या. पण ताईने पुस्तकंही वाचली आहेत आणि त्यांतली काही इतकी मऊ नाहीत. श्रद्धा न ठेवता गेलेल्यासाठी क्षमेची प्रार्थना करता येत नाही, असं बहुतेक विद्वान सांगतात. ती म्हणाली, "आजोबा, बाकी सगळं मला पटलंय. इथेच अडलेय." कलमा तिने अजून पढलेला नाही, तो यामुळेच.

आईवडील दुसऱ्या धर्माचे असले तरी त्यांच्याशी चांगलंच वागायचं, असं कुरआन सांगतं. हे तिने मावशीला दोनदा ऐकवलं. मावशी म्हणाली, "ते तुला कुरआनाने सांगायला हवं होतं का?"

पुढच्या महिन्यात काकांची तिथी आहे. श्राद्धाच्या पानाला नमस्कार करणार नाही, पण सगळा स्वयंपाक मी करते, असं ताईने सांगून ठेवलंय. मावशीने अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही.