राजूरच्या पलीकडची आगटी

जालना ते भोकरदन हा रस्ता मला पाठ आहे, पण डोळ्यांना नाही, अंगाला. १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर मागे बसतो. समोर स्ट्रेचर, बाजूला ऑक्सिजन, आणि काचांतून बाहेरचं फारसं दिसत नाही. एका हातानं सलाइन आणि दुसऱ्या हातानं पेशंट सावरताना कुठं वळण आलं, कुठं गतिरोधक आला हे कमरेला कळतं. रस्त्याकडेला काय आहे ते कळत नाही. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. मीही तिच्यात आता जुना झालो आहे, आणि तरी जानेवारीतल्या त्या रविवारी पायलटच्या, म्हणजे आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या, मोटरसायकलवर मागे बसेपर्यंत हा रस्ता मी खऱ्या अर्थानं पाहिला नव्हता. तुरीच्या काढणीची लगबग, हरभऱ्याचे हिरवेगार पट्टे, कपाशीच्या पऱ्हाटीचे बांधावर रचलेले ढीग. पायलट पुढून ओरडून सांगत होता, "सर, हे ते वळण, तुम्ही दरवेळी शिव्या घालता ते!" वळणावर एक जुनं चिंचेचं झाड होतं. इतकं देखणं झाड, आणि माझ्या लेखी ते आजवर नुसता एक धक्का होतं.

बेत सिस्टरचा होता. जिल्हा रुग्णालयातल्या आमच्या एका सिस्टरचं माहेर राजूरच्या पलीकडे, भोकरदन तालुक्यात. "हुरडा आलाय, या आठवड्यात आलात तर मिळेल, नंतर निबर होईल," असा तिचा निरोप होता. तिचे यजमान, दोन मुलं, लॅबमधला एक टेक्निशियन, पायलट आणि मी. राजूरला महागणपतीचं दर्शन घेतलं. अंगारकीला जालन्याहून रात्रभर चालत येणाऱ्या माणसांचे फोड आलेले पाय मी याच रस्त्यावर धुतले आहेत. साध्या रविवारी देऊळ इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ सभामंडपात बसून राहिलो.

शेतात पोचलो तेव्हा आजी आगटी पेटवून बसल्या होत्या. सिस्टरच्या त्या आजी. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राखेचा पातळ थर. हुरड्याला जाळ चालत नाही, धग लागते. आजी काठीनं राख बाजूला सारायच्या, चार-पाच कणसं विस्तवात खुपसायच्या, देठ धरून फिरवायच्या आणि नेमक्या क्षणी बाहेर काढायच्या. तो क्षण कसा ओळखायचा, हे मी विचारलं. "वास बदलतो," एवढंच त्या म्हणाल्या. मी नाक लावून बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला मलाही तो कळला. आधी ओल्या गवतासारखा असतो, मग एकदम दुधाळ, गोडसर होतो.

कणीस बाहेर आलं की सिस्टरचा भाऊ ते गोणपाटात धरून चोळायचा. दाणे सुटायचे, फोलपटं फुंकरीनं उडायची आणि ओंजळभर हिरवा, वाफाळता हुरडा पळसाच्या पानावर पडायचा. ज्वारी गुळभेंडी. तिचा दाणा सहज सुटतो आणि गोडीला तोड नाही. कृषी विद्यापीठांनी हुरड्यासाठी खास वाण काढले आहेत, राहुरीचं 'फुले मधुर', परभणीचं 'परभणी वसंत'. पण या घरात बियाणं आजीच्या सासूपासून चालत आलेलं. दरवर्षी चांगली कणसं निवडून आढ्याला टांगतात, तेच पुढच्या वर्षी पेरतात.

हुरड्यासोबत काय खावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत. लसणाची चटणी, जवसाची चटणी, थोडा गूळ, घट्ट दही. बस. हल्ली शहराजवळच्या हुरडा पार्ट्यांत गोडी शेव, रेवड्या, पावभाजी आणि वर मोठ्यानं गाणी लावतात, ते मला मुळीच सहन होत नाही. ताटात थंड हुरड्याचा ढीग वाढला की त्यात हुरडा उरतच नाही. दाणा चिकातून पिठात जाण्याच्या मधल्या थोड्या दिवसांतच त्यात साखर असते, मग तिचा स्टार्च होतो. कणीस खुडल्यावरही गोडी उतरायला लागते. म्हणून आगटी शेतातच हवी आणि खाणाऱ्यानं तिच्याभोवतीच बसायला हवं.

आमच्या कामात जेवण म्हणजे पाच मिनिटांत उरकायची गोष्ट. डबा उघडला की फोन येतो, म्हणून घास चावायच्या आधी गिळायची सवय लागते. इथं ते शक्यच नव्हतं. एक ओंजळ मिळायची, ती पाच जणांत वाटली जायची आणि मग पुढची कणसं भाजेपर्यंत थांबायचं. मी हात पुढे करूनच बसलेला पाहून आजी म्हणाल्या, "काहून घाई करता, डॉक्टर? आगटी कुठं पळून जाती का?" मग मी पाय पसरले, मागे कडब्याच्या पेंढीला टेकलो. त्या मधल्या वेळांत जे बोलणं झालं, तसं आम्ही एकत्र काम करूनही कधी बोललो नव्हतो. पायलटनं पहिल्यांदा सांगितलं, की छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे पेशंट नेताना तो आरशातून माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि त्यावरून वेग ठरवतो. टेक्निशियननं नव्या सायकलचं वर्णन केलं. सिस्टरची मुलं हरभऱ्याचा हुळा भाजून तोंडं काळी करून आली.

डॉक्टर आल्याची बातमी पसरलीच. शेजारच्या वस्तीवरचे एक काका रिपोर्टांची पिशवी घेऊन बांधावरून आले. मी उठायला लागलो, तर आजींनी काठी आडवी धरली. "त्याची सुट्टी हाय आज. बस, आधी हुरडा खा." काका बसले, खाल्ला, आणि तासाभरानं मी आपणहून पिशवी मागून घेतली. साखर वाढलेली होती, औषध मधेच सोडलं होतं. त्यांना राजूरच्या सरकारी दवाखान्यात सोमवारी जायला सांगितलं आणि सिस्टरच्या भावाला सोबत जायचं कबूल करायला लावलं.

मग आजींनी विचारलं, "तुम्ही नेता त्ये समदे वाचतात का?"

"नाही, आजी."

त्यांनी मान हलवली, राख सारली, आणि पुढची कणसं खुपसली. पुढची ओंजळ मात्र कुणाला न वाटता पूर्ण माझ्या पानावर पडली.

आजींनी ज्वारी आता फक्त अर्ध्या एकरात ठेवली आहे, बाकी सगळं सोयाबीन आणि कापूस. ताटं मुळासकट उपटायला मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही. हा अर्धा एकर कडब्यासाठी आणि या आठ-दहा दिवसांसाठी. मला याची खरोखर काळजी वाटते. आढ्याला टांगलेलं ते बियाणं एका वर्षी पेरलं गेलं नाही की संपलं.

दुपारी भोकरदनला केळना नदीकाठचं लेणं पाहिलं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत या गावची माणसं आहेत. १९७३ साली इथं उत्खनन झालं, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. तशीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात सापडली होती, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलेल्या शहरात. काही अभ्यासकांनी तिचं नातं भोकरदनच्या कारागिरांशी जोडलं आहे. वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली ती बाई आज नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. मी टेक्निशियनच्या मोबाइलवर तिचा फोटो मोठा करून करून पाहिला. त्या कारागिरांच्या वेळीही या काळ्या रानात ज्वारी असेल का, यावर आम्ही नदीच्या खडकावर बसून चांगला वाद घातला.

वादाच्या मध्येच रस्त्यावरून सायरन गेला. पायलटनं मान वळवून ऐकलं, "भोकरदनचीच गाडी आहे, सर," म्हणाला आणि पुन्हा ज्वारीवर आला.

निघताना आजींनी रात्रपाळीच्या लोकांसाठी दहा-बारा कणसं ओल्या फडक्यात बांधून दिली. जालन्याला आम्ही ती रात्री आठच्या सुमारास पोचवली. आगटी नव्हती, म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरनं दाणे काढून तव्यावर थोड्या तुपात परतले. तव्यावरचा हुरडा मला पटत नाही आणि गोडी थोडी उतरलीही होती, पण त्यांनी मीठ अगदी बेताचं घातलं होतं. कॉल यायच्या आत त्यांचा सगळा हुरडा खाऊन झाला.