केडगांवचे खिळे

अमेरिकेचें प्रवासवृत्त लिहिणाऱ्या पंडिता रमाबाई वाचकांस ठाऊक आहेत. त्याच प्रवासांत (१८८६-८८) फ्रोबेलची बालशिक्षणपद्धति अभ्यासून मुलांसाठीं मराठी पाठ्यपुस्तकें रचावयास बसलेली शिक्षिका मात्र आम्ही विसरलों. त्यापूर्वीं चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्यांनीं संस्कृत शिकविलें होतें. पण पंडितेच्या त्या मानापेक्षां हें बाळबोध काम आम्हांस मोठें वाटतें. मूल आधीं हातानें शिकतें, हें फ्रोबेलचें म्हणणें. शिरूर-दौंडकडे मुलांच्या लेखन-कार्यशाळा भरवूं पाहणारांस आम्ही सुचवूं कीं, फळ्यावर विषय देऊन स्फूर्तीची वाट पाहण्यापूर्वीं दौंड तालुक्यांतील केडगांव आठवावें. तेथें रमाबाईंनीं छापखाना घातला. निराश्रित मुलीबायका खिळे जुळवावयास शिकल्या. रमाबाई १९२२ सालीं वारल्या. त्यांनीं भाषांतरिलेलें मराठी बायबल १९२४ सालीं निघालें, तें याच हातांनीं जुळविलेलें.